माती सुधारायला निघालो, पण घरचे, शेजारी, जमीनमालक आणि व्यापारी चौघंही मागे ओढतायत. काय करू?

वाफसा (प्रश्न)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. तुकड्यातुकड्यानं विचारला तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

घरची सहा एकर आणि खंडानं घेतलेली पाच, अशी अकरा एकर कसतो. खंडाचा करार वर्षावर्षाचा, तोही तोंडी. गव्हावर मका आणि मक्यावर गहू, असं बारा वर्षं चाललंय. तीन वर्षांपूर्वी माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन) ०.४ टक्केच निघाला. जोराचा पाऊस आला की शेतातून गढूळ पाणी वाहत जायचं, ते इतकी वर्षं डोळ्यांनी बघतच होतो. पण आकडा कागदावर दिसला आणि पोटात खड्डा पडला.

मागच्या हंगामात मनाशी पक्कं केलं की यापुढे काडी पेटवायची नाही. दोन एकर घरची आणि दोन खंडाची, अशा चार एकरांत गव्हाच्या काडीची कुटी करून गाडली आणि पंधरा दिवसांत मका पेरला. गुडघ्याला लागेपर्यंत तो पिवळा पडला. बांधापलीकडे शेजाऱ्याचा मका काळाभोर. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दोन्ही शेतं दाखवायचा. शेवटी त्या चार एकरांचा उतारा माझ्याच बाकीच्या मक्यापेक्षा पाचव्या हिश्शानं कमी आला.

आता वडील म्हणतात, आम्ही कधी असले प्रयोग केले नाहीत आणि उपाशीही राहिलो नाही. खंडाच्या जमिनीचे मालक म्हणाले, शेत घाण ठेवलंस, पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यायचं बघतोय. व्यापाऱ्याला काडी जाळली की गाडली याच्याशी काही देणंघेणं नाही, तो काट्यावरचं वजन बघतो. आणि सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोन शेजारी आधी म्हणाले होते, "तुझं बघून आम्हीही करू." त्यांनी माझं बघितलं आणि यंदा काडी पेटवली.

मातीची काळजी घ्यायला हवी याबद्दल मला शंका नाही, त्यामुळे फायदे कृपया सांगू नका. खंडाच्या जमिनीत खर्च करावा का? बाजारात याला मोल मिळतं का? आणि एकदा तोंडघशी पडल्यावर लोकांसमोर पुन्हा तेच कसं करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

तोलकाटा

मी धान्य खरेदी करतो, म्हणून बाजाराचं तेवढं सांगतो.

आमच्याकडे माल येतो तेव्हा ओलावा बघतो, काडीकचरा बघतो, दाण्याचा भरणा आणि फूट बघतो. गव्हात काही गिरणीवाले प्रथिनं मोजतात. तुझ्या शेतात गांडुळं किती हे दाण्यावर उमटत नाही आणि माझ्या काट्यालाही कळत नाही. शिवाय तीस शेतकऱ्यांचा माल एका ढिगात पडतो. तू कितीही चांगली माती राखलीस तरी ढिगात गेल्यावर तुझा दाणा वेगळा काढता येत नाही. वेगळा ठेवायचा तर वेगळी जागा, वेगळी पोती, वेगळी वाहतूक लागते, आणि पाच-सहा एकरांच्या मालासाठी तो खर्च कुणालाच परवडत नाही. वीस-पंचवीस जण एकत्र आलात, गाडी पूर्ण भरली, तर मग घेणाऱ्याशी बोलता येतं. त्याआधी नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्राचं कुणी सुचवेल, त्याचंही स्पष्ट सांगतो. युरोपातल्या नियमांत हंगामी पिकांना रूपांतराचा (रासायनिक सोडून सेंद्रिय होण्याचा) काळ दोन वर्षांचा आहे, अमेरिकेच्या नियमांत छत्तीस महिन्यांचा. त्या काळात उतारा घटतो आणि माल साध्या भावानंच जातो. मुळात प्रमाणपत्र मिळतं ते रासायनिक निविष्ठा न वापरल्याचं. काडी न जाळणारा, नांगरट कमी करणारा, पण गरजेपुरता युरिया टाकणारा शेतकरी त्यात कुठेच बसत नाही. माझ्या ओळखीचे मातीला जपणारे बहुतेक लोक याच गटातले आहेत आणि त्यांच्यासाठी बाजारात वेगळी पाटी नाही.

म्हणून जास्त भावाच्या आशेवर हे गणित मांडू नकोस. डिझेल, खत आणि पाणी किती वाचतं यावर मांड. ती बचत कुणाच्या मर्जीवर नसते.

---

खंडकरी

वाफसा दादा, माझी स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. एकोणीस वर्षं खंडानं कसते आहे, आज तीन मालकांची मिळून चौदा एकर. त्यामुळे तुमचा प्रश्न मला आतून कळतो.

आधी पिवळ्या मक्याचं बोलू, कारण तो उलगडला नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ. गव्हाच्या काडीत नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागामागे कर्ब साधारण ऐंशी भाग असतो. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना हे प्रमाण चोवीसच्या आसपास लागतं. कमी पडलेलं नत्र ते जमिनीतूनच उचलतात, म्हणजे तुमच्या मक्याच्या तोंडचं. काही आठवड्यांनी ते जिवाणू मरतात तेव्हा नत्र परत मिळतं, पण तोवर पिकाची वाढीची वेळ निघून गेलेली असते. तुम्ही काडी गाडलीत आणि पंधरा दिवसांत नत्राचा सर्वांत खादाड पाहुणा आणून बसवलात. मातीनं तुम्हाला फसवलं नाही. त्याच काडीवर कडधान्य घेतलं असतं, किंवा काडी न गाडता वरच पसरून ठेवली असती, किंवा पेरणीबरोबर नत्राचा थोडा जास्त हप्ता दिला असता, तर शेजाऱ्याला दाखवायला काही उरलं नसतं. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. "काडी जाळू नका" असं सांगणारे पुष्कळ आहेत. गाडल्यावर पहिल्या साठ दिवसांत काय होतं हे सांगणारा बांधावर एकही नसतो.

दुसरी गोष्ट, तो ०.४ चा आकडा लवकर हलायची आशा धरू नका. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात जवळजवळ आठशे टन माती असते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे त्यात आठ क्विंटल कर्ब कायमचा मुरवायचा. वाळल्या काडीत कर्ब चाळीस-पंचेचाळीस टक्के असतो आणि त्यातला दहा ते वीस टक्केच टिकतो, बाकीचा हवेत जातो. म्हणजे एकरी नऊ ते वीस टन काडी लागली! हे काम वर्षानुवर्षांचं आहे, आणि तुमच्या हातात करार मात्र एका वर्षाचा.

खरा अडसर इथेच आहे. खत, बी, मजुरी याच हंगामात वसूल होते. मातीत घातलेलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाताला लागतं, आणि तेव्हा शेत कुणाकडे असेल हे ठाऊक नसतं. खंडानं कसणारे मातीची पर्वा करत नाहीत असं मी खूप ऐकलंय. ऐकून ऐकून चीड येते. सहाव्या वर्षी मी एका मालकाच्या तीन एकरांत दोन हंगाम हिरवळीचं खत गाडलं, उताराला आडवे वरंबे घातले. शेत बघण्यासारखं झालं. मालकानं ते बघितलं आणि खंड वाढवून दुसऱ्याला दिलं. माझ्या दोन वर्षांच्या घामाचा मोबदला तो दुसरा घेऊन गेला. त्यानंतर तीन वर्षं मी कुठल्याच परक्या जमिनीत शेणाची पाटी टाकली नाही, आणि त्याबद्दल मला अजूनही कुणी दोष देऊ नये असं वाटतं.

यावर तोड माणसांनी फार पूर्वी काढलेली आहे. इंग्लंडमध्ये १८७५ च्या शेतजमीन कायद्यानं कुळाला एक हक्क दिला. शेत सोडताना त्यानं घातलेल्या खताचा आणि केलेल्या सुधारणांचा जो अंश जमिनीत शिल्लक असेल, त्याची भरपाई मालकानं द्यायची. आधी त्यातून करार करून पळवाट काढता येत होती, १८८३ च्या कायद्यानं ती बंद केली. कल्पना साधी आहे, मातीत शिल्लक राहिलेलं खत ज्यानं घातलं त्याचं.

मी आता तेच कागदावर आणते. करार किमान तीन वर्षांचा. सुरुवातीला आणि शेवटी माती तपासायची, दोघांच्या सह्या. मी हिरवळीचं खत किंवा शेणखत घातलं आणि मालकानं मुदतीआधी जमीन काढून घेतली, तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात तो खर्च परत. त्याबदल्यात मी लिहून देते की काडी जाळणार नाही आणि बांध फुटला तर आठवड्यात नीट करीन. तीन मालकांपैकी दोघांनी सही केली. तिसऱ्यानं केली नाही, त्याच्या शेतात मी त्याच हंगामात वसूल होईल एवढंच करते: कमी पाळ्या, वर आच्छादन. शेणखत तिकडे जात नाही.

तुमच्या मालकाशी बोलताना मातीचं आरोग्य वगैरे शब्द काढू नका. त्यांना एवढंच विचारा की वरची माती वाहून गेली तर दहा वर्षांनी या जमिनीला खंड किती मिळेल. जमीन त्यांची आहे, नुकसान त्यांचं आहे. वर्षाचा खंड हातात पडतो म्हणून ते दिसत नाही इतकंच.

आता शेजाऱ्यांचं. १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, रायन आणि ग्रॉस या दोघांचा. दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं की संकरित मका कधी आणि कशामुळे लावला. पहिल्यांदा त्याबद्दल ऐकलं ते जवळजवळ निम्म्यांनी बियाणं विकणाऱ्याकडून. पण लावायचं ठरवताना सगळ्यात जास्त वजन पडलं ते शेजाऱ्याचं. १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी तो स्वीकारला होता, आणि त्याला दशकाहून जास्त काळ लागला. लक्षात घ्या, या मक्याचा फायदा त्याच हंगामात कणसात दिसत होता! तरी एवढी वर्षं. आपण जे करतोय त्याचा फायदा जमिनीखाली असतो आणि तोटा मात्र पानावर पिवळा दिसतो.

म्हणून जमिनीखालचं वर आणून दाखवावं लागतं. मी तीन गोष्टी करते. दोन्ही शेतांतलं वाळकं ढेकूळ जाळीत ठेवून पाण्यात सोडते. सारखी नांगरलेली माती विरघळून तळाला बसते, मुळं धरलेली माती तशीच राहते. दुसरं, दोन्ही बाजूंनी उघडा डबा जमिनीत ठोकून त्यात मोजून पाणी ओतते आणि ते किती मिनिटांत मुरतं ते घड्याळ लावून बघते. तिसरं, साध्या सुती कापडाचा तुकडा वीतभर खोल पुरायचा आणि दोन महिन्यांनी काढायचा. जिवंत मातीत त्याच्या चिंध्या होतात. निर्जीव मातीत बराचसा तसाच निघतो. हे बघायला जी माणसं येतात ती माहितीपत्रक वाचायला कधीच आली नसती.

आणि पुढच्या वेळी चार एकर नको. अर्धा एकर घ्या, तोही आतल्या बाजूचा. पहिलं अपयश रस्त्याकडेला घेऊ नये.

---

शिवार

माझं वय अडुसष्ट. तीस वर्षं मी काडी पेटवली, म्हणून वाफसाच्या वडिलांच्या बाजूनं थोडं बोलतो.

पेटवणारा माणूस आळशी नसतो. दोन पिकांच्या मध्ये मोजके दिवस हातात असतात. तेवढ्यात शेत मोकळं झालं नाही तर पेरणी लांबते आणि लांबलेल्या पेरणीचा फटका थेट उताऱ्याला. पेटवलं की उंदरांची बिळं उघडी पडतात, किडीचे कोष मरतात, पेरणी यंत्राचे फण काडीत अडकत नाहीत. एका काडेपेटीत एवढं होत असेल तर तो पेटवणारच. त्याच काडीतलं जवळजवळ सगळं नत्र धुरातून जातं हे मला फार उशिरा कळलं. काळी राख मात्र दिसायची, आणि राख म्हणजे खत असं आम्ही धरून चाललो होतो.

शिवाय स्वच्छ शेत म्हणजे कष्टाळू माणूस, हे आम्ही वाडवडिलांकडून शिकलो. सरळ तास, काळी उघडी जमीन, गवताची काडी नाही. शेतात कचरा दिसला की लोक म्हणणार, याच्या घरात कुणी आजारी आहे का. वडील तुझ्या काडीला विरोध करत नाहीयेत बाळा. लोक तुझ्याबद्दल काय बोलतात ते त्यांच्या कानावर येतं, आणि ते त्यांना सहन होत नाही.

मी बदललो ते गटामुळे. आम्ही अकरा जणांनी मिळून काडीतून पेरणारं यंत्र घेतलं. एकट्याला ते कधीच झेपलं नसतं. पण यंत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अकरा शेतं एकाच वेळी "घाण" दिसायला लागली. अकरा जणांना वेडं कोण म्हणणार? ब्राझीलमध्ये हर्बर्ट बार्ट्झनं १९७२ साली पाराना राज्यात नांगरट बंद केली तेव्हा त्यालाही लोक वेड्यात काढत होते. पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी आपसांत मंडळ काढलं आणि त्याला चक्क गांडुळाचं नाव दिलं. आता त्या देशात कोट्यवधी एकर विनानांगरट पेरले जातात. एक माणूस वेडा ठरतो, मंडळ ठरत नाही.

---

उतार

कार्बन क्रेडिटचं कुणी बोललं नाही. कंपन्या मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे देतात असं ऐकलंय. वाफसानं तिकडे का बघू नये?

---

खंडकरी

उतार भाऊ, बघावं, पण कागद नीट वाचून. या व्यवहारात पैसे मिळतात ते करारानंतर नव्यानं वाढलेल्या कर्बाचे. जो वीस वर्षांपासून माती राखतोय त्याच्या शेतात "नवीन" काही नसतं, म्हणून त्याला बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. ज्यानं आजवर जाळलं तो मात्र पात्र! मला हे मनापासून खुपतं. दुसरं म्हणजे साठवलेला कर्ब अनेक वर्षं जमिनीत ठेवायची हमी द्यावी लागते. एका नांगरटीत तो उडू शकतो, म्हणून ही अट समजण्यासारखी आहे. पण ज्याच्याकडे जमीनच वर्षाच्या बोलीवर आहे त्यानं ती हमी कशी द्यायची? सही मालकाची लागणार आणि पैसेही बहुधा तिकडेच जाणार. आणि एवढ्याशा वाढीचं मोजमाप करायला खोल नमुने लागतात, ढीगभर लागतात. लहान शेतात मोजणीच महाग पडते. इथेही गट हवाच.

---

तोलकाटा

शिवार काकांच्या यंत्राच्या गोष्टीवरून एक सुचलं. तेच अकरा जण एकाच जातीचं बी पेरतील आणि एका दिवशी माल आणतील तर वेगळा ढीग लावायला माझी तयारी आहे. जास्त भावाचं आत्ता बोलत नाही. पण एकसारखा, कोरडा माल एकगठ्ठा आला तर माझा चाळणीचा आणि हमालीचा खर्च वाचतो, तो वाटून घेता येईल. सुरुवात तेवढ्यापासून होऊ शकते.

---

वाफसा

सगळ्यांचे आभार. तीन दिवस उत्तरं पुन्हापुन्हा वाचली. काका, तुमचं लिखाण वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून ते गप्प बसले. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या काळी गव्हात हरभरा मिसळून पेरायचे आणि तो का बंद झाला ते त्यांनाही आठवत नाही. इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलले.

ताई, मालकांकडे जाऊन आलो. तीन वर्षांचा करार त्यांनी मान्य केला नाही, दोनवर आले. खत परत करायचं कलम ऐकून आधी हसले. मग मी विचारलं, वरची माती नाल्यात गेली तर नंतर ही जमीन कोण घेईल? त्यावर म्हणाले, लिहून आण, वाचतो. कच्चा मसुदा करतोय, तुम्ही एकदा नजर घालाल का?

यंदा काडी गाडणार नाही, वर पसरून ठेवणार आणि त्यात हरभरा. फक्त अर्धा एकर, विहिरीमागचा, जिथे रस्त्यावरून नजर जात नाही.

आणि कापडाचं. शेजाऱ्याला, म्हणजे त्याच माझा पिवळा मका दाखवणाऱ्याला, विचारलं की तुझ्याही शेतात एक तुकडा पुरू का, जागा तू निवड. त्यानं सगळ्यात चांगला कोपरा दाखवला आणि खुणेची काठी स्वतः ठोकली. आज सकाळी चार तुकडे पुरले. साठ दिवसांनी दोघं मिळून काढू, फोटो इथेच टाकतो.